मुंबई सिटीचा फॅन आहेस ना, मग सांग! ऑफसीझनमध्ये सारखे विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२६. ऑफिसात, लग्नात, ट्रेनमध्ये, फॅमिली ग्रुपवर, मुंबई सिटी या आपल्या फुटबॉल क्लबची आकाशी जर्सी दिसली की लोक तेच तेच विचारतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. क्रम काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

तुमचा ऑफसीझन अजून चालूच आहे? आयपीएल येऊन गेली, पाऊस पडून गेला, दिवाळी पण झाली.

हो, चालूच आहे. आमची आयएसएलमधली, म्हणजे इंडियन सुपर लीगमधली, शेवटची मॅच २९ मार्च २०२५ ला झाली आणि पुढचा सीझन १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू होणार असं क्रीडामंत्री मनसुख मांडवियांनी आत्ता ६ जानेवारीला सांगितलं. मध्ये गोव्यात सुपर कप झाला म्हणून अगदीच उपास पडला नाही. सेमीफायनलपर्यंत गेलो, तिथे एफसी गोवाने २-१ हरवलं आणि मग पुढे ईस्ट बंगालला पेनल्टीजवर हरवून कपही नेला. पण लीग ती लीग. दर आठवड्याला मॅच आहे, शनिवार त्यासाठी मोकळा ठेवायचाय, घरी आधीच सांगून ठेवायचंय, ही सवयच मोडली राव.

मुंबई सिटी म्हणजे मँचेस्टर सिटीच ना?

नाही. आता तर अजिबातच नाही.

क्लब सुरू झाला २०१४ मध्ये, मालक रणबीर कपूर आणि बिमल पारेख. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने, ६५ टक्के हिस्सा घेतला. न्यूयॉर्क, मेलबर्न, जिरोना अशी त्यांची मोठी भावकी आहे आणि त्या भावकीत आपण सहा वर्षं होतो. डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी हिस्सा विकला आणि क्लब परत जुन्या मालकांकडे आला. भारतातल्या लीगचं पुढे काय होणार याचा पत्ता नाही, हे कारण त्यांनी उघडच दिलं. राग आला? थोडा आला. पण त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही, कारण त्या वेळी खरंच कोणालाच काही माहीत नव्हतं.

पण लीग बंद कशी काय पडू शकते? प्रायोजक मिळाले नाहीत का?

थोडक्यात सांगतो, कारण हे पूर्ण सांगायला बसलो तर तुमचं स्टेशन येऊन जाईल.

२०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने रिलायन्सवाल्यांशी १५ वर्षांचा करार केला, वर्षाला ५० कोटीचा, आणि त्याच करारावर पुढे आयएसएल उभी राहिली. तो करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे पंधरा वर्षं आधीपासून माहीत होतं. कॅलेंडरवर तारीख छापलेली होती! तरी नवीन करार काही झाला नाही. तिकडे महासंघाच्या घटनेची केस सुप्रीम कोर्टात २०१७ पासून पडून, निकाल लागेपर्यंत महासंघाला नवीन मोठा करार करता येईना. मग ११ जुलैला लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना पत्र पाठवलं की सीझन सध्या होल्डवर. सप्टेंबरमध्ये कोर्टाने घटना मंजूर केली, मग टेंडर निघालं, ७ नोव्हेंबर शेवटची तारीख, आणि बोली किती आल्या? शून्य. एकही नाही. १४० कोटींच्या देशात सगळ्यात वरची फुटबॉल लीग चालवायला एक माणूस पुढे आला नाही.

या सगळ्यात काही क्लबांनी पगार थांबवले, परदेशी खेळाडू एकेक करून बॅगा भरायला लागले, केरला ब्लास्टर्स क्लबचा लुना पण लोनवर बाहेर गेला, आणि शेवटी जानेवारीत छेत्री, गुरप्रीत वगैरे मंडळींनी व्हिडिओ टाकून थेट फिफाला साकडं घातलं की बाबांनो आम्हाला खेळू द्या. देशाचा माजी कॅप्टन फोनच्या कॅमेऱ्यात बघून विनवणी करतोय हे बघताना कसंतरीच झालं.

मँचेस्टरवाले गेले म्हणजे आता क्लब बंद पडणार का?

हा प्रश्न लोक गंमतीत विचारतात, मला मात्र गंमत वाटत नाही, कारण मुंबईत फुटबॉल क्लब बंद पडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. बाहेरच्यांना वाटतं फॅनला ऑफसीझनमध्ये टेन्शन असतं ते कोण येणार कोण जाणार याचं. आमच्याकडे खेळाडू जातात ते ठीकच, इथे अख्खे क्लब जातात.

महिंद्रा युनायटेड आठवतंय? २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकलेली टीम, कूपरेजवर लाल जर्सी. २०१० मध्ये कंपनीने ठरवलं बास, आणि टीम संपली. हरून नाही, खाली घसरून नाही, नुसती एका निर्णयात. मग मुंबई एफसी होता, कूपरेजवर दर वर्षी कसाबसा वाचायचा, २०१७ ला आय-लीगमधून खाली गेला आणि तिथेच विषय संपला. तिकडे पुण्यात तर विचारूच नका, पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली, आणि आता ते हैदराबादही दिल्लीला गेलंय! आमची पहिलीवहिली जिंकलेली मॅच पुणे सिटीविरुद्ध होती, ऑक्टोबर २०१४, डी वाय पाटीलवर ५-०, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, लीगमधली पहिली. महाराष्ट्र डर्बी म्हणायचो त्याला. आता डर्बी खेळायला समोर कोणी उरलंच नाही.

त्यामुळे माझं मत असं आहे. सिटी ग्रुपने आपल्याला कामाची शिस्त दिली, चांगले कोच दिले, ट्रॉफ्या दिल्या, त्याबद्दल आभार. पण शहरात मुळं रोवायचं काम त्यांच्याकडून झालं नाही, ते परक्याने करायचं कामही नाही. घाटकोपर, परळ, नालासोपारा, इथल्या शाळेतल्या पोराला मुंबई सिटी आपली वाटायला पाहिजे होती. तसं असतं तर मालक बदलला तरी छातीत एवढी धडधड झाली नसती. आता क्लब पुन्हा इथल्याच लोकांच्या हातात आहे. पैसा कमी असेल, मान्य. पण हे काम करायला फार पैसा लागत नाही.

रणबीर कपूर येतो का मॅचला?

येतो अधूनमधून. आणि आला की माझ्या शेजारचे सगळे मैदानाकडे पाठ करून उभे राहतात.

बेंगळुरूकडून पाच गोल खाल्ले ते नक्की काय होतं?

यावर बोलायचंच नाही असं ठरवलं होतं, पण प्रत्येक जण विचारतो.

११ मार्च २०२५ ला आपण त्याच बेंगळुरूला त्यांच्याच कांतीरवावर २-० हरवलं आणि सहावा नंबर पक्का केला. २४ मॅचमध्ये ३६ पॉइंट. जिंकलो ९, ड्रॉ ९, हरलो ६. नीट बघा, नऊ ड्रॉ. अख्खा सीझन तसाच, ना धड चांगला ना धड वाईट, बॉल आपल्याकडे आणि गोल नाही. तरी प्लेऑफ मिळाला म्हणून आनंदात होतो. अठरा दिवसांनी नॉकआउट, तेच ग्राउंड, तीच टीम, आणि ५-०. नवव्या मिनिटाला सुरेशने पहिला मारला तेव्हा वाटलं ठीक आहे, वेळ आहे. हाफटाइमच्या आधी पेनल्टीवर दुसरा खाल्ला तेव्हा मी चहा टाकायला उठलो. पुढे चौथा चाळिशीच्या छेत्रीने मारला, जो कधीकाळी आपल्याकडून खेळला आणि आयएसएलमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला भारतीय ठरला तो आपल्याच जर्सीत, आणि पाचवा कोणी मारावा? परेरा डियाझने. तोच डियाझ ज्याने वर्षभरापूर्वी आपल्याला फायनलमध्ये बरोबरीत आणलं होतं. असं कोणी लिहून दिलं तरी लोक म्हणतील जरा अतीच केलंय.

आणि मग या मॅचची चव तोंडात घेऊन दहा महिने काढायचे. एरवी हरलो तर चार महिन्यांत नवा सीझन येतो आणि विसरायला होतं. यावेळी विसरायला काही मिळालंच नाही.

बिपिन क्लब सोडून गेला त्याचं एवढं काय? तीस वर्षांचा झाला होता.

ज्याने हे विचारलं त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

बिपिन सिंग, मणिपूरचा, २०१८ ला आला तेव्हा कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. १३ मार्च २०२१, गोव्यातलं फातोर्डा, फायनल, समोर एटीके मोहन बागान, कोविडमुळे स्टँड पूर्ण रिकामे. १-१. नव्वदावं मिनिट. लांबून बॉल आला, त्यांचा गोलकीपर पुढे आला आणि गडबडला, ओगबेचेने बॉल काढून घेतला, स्वतः न मारता बाजूला सरकवला आणि बिपिनने आत घातला. आपला पहिला आयएसएल कप. रिकाम्या स्टेडियममध्ये फक्त आपल्या बेंचचा आरडाओरडा टीव्हीवर ऐकू येत होता. आमच्या बिल्डिंगमध्ये माझा एकट्याचा, आणि वरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी आईला विचारलं की काल घरी भांडण झालं का.

मग ४ मे २०२४. कोलकाता, सॉल्ट लेक, साठ हजारांच्या वर माणसं आणि जवळजवळ सगळी मोहन बागानची. एकोणीस दिवसांपूर्वी त्याच ग्राउंडवर त्यांनी आपल्याकडून लीग शील्ड, म्हणजे लीगमध्ये पहिला नंबर आला की मिळते ती ट्रॉफी, ओढून घेतलेली. हाफटाइमला १-० मागे. डियाझने बरोबरी केली आणि ८१व्या मिनिटाला पुन्हा बिपिन! शेवटी वोयतुशने तिसरा मारला, ३-१, आणि सॉल्ट लेक असं गप्प झालं की बस. दोन फायनल, दोन्हीकडे याचाच निर्णायक गोल.

जुलै २०२५ मध्ये ईस्ट बंगालला गेला. हरकत नाही, सात वर्षं दिली त्याने. पण आपल्याच ग्राउंडवर त्याला नीट निरोप द्यायला मिळाला नाही, लीगच होल्डवर होती. ही खंत आहे. ईस्ट बंगालची मॅच अंधेरीत आली तर त्याच्यासाठी उभं राहायचं, हे आत्ताच सांगून ठेवतो, आणि मग उरलेली ९० मिनिटं त्याला शिव्या घालायच्या.

आणि मेहताब?

मोहन बागानला गेला. पुढचा प्रश्न.

मग टीममध्ये उरलंय कोण?

छांगते आहे ना. लालियानझुआला छांगते, मिझोरामचा, आपला कॅप्टन, उजवीकडून बॉल घेऊन निघाला की समोरचा डिफेंडर आधी मागे सरकतो आणि मग विचार करतो. २०२२-२३ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. आणि त्याच्या बाबतीत एकच मॅच सांगतो, एप्रिल २०२४ ची सेमीफायनल, गोव्यात. ८९ मिनिटांपर्यंत आपण ०-२ मागे, फातोर्डातले लोक गाणी म्हणत होते. ९० ला छांगते, ९१ ला विक्रम प्रताप, ९६ ला परत छांगते. ३-२. माझा मडगावचा मावसभाऊ, जो पूर्ण मॅचभर मला व्हॉट्सॲपवर फेणीच्या बाटलीचे फोटो पाठवत होता, त्याने त्यानंतर रविवारपर्यंत मेसेज केला नाही.

गोलमध्ये फुर्बा लाचेन्पा आहे, सिक्कीमचा, शांत माणूस, उगाच उड्या मारत नाही. मिडफील्डमध्ये ब्रँडन फर्नांडिस, मूळ गोव्याचा, त्याच्या पायातून अजून असे पास निघतात की समोरच्याला कळायच्या आत बॉल मागे गेलेला असतो. परदेशी खेळाडूंबद्दल मी काही बोलत नाही, या वर्षी कोण विमानात बसलं आणि कोण उतरलं हे पहिल्या मॅचची टीमशीट बघूनच खरं मानायचं.

क्रॅटकी कोच म्हणून बरा आहे का?

पेत्र क्रॅटकी डिसेंबर २०२३ मध्ये मेलबर्नहून आला, डेस बकिंगहॅम मध्येच सीझन सोडून ऑक्सफर्ड युनायटेडला गेला म्हणून. आल्यावर पाच महिन्यांत कप जिंकला. त्याचं कौतुक आहेच. पण २०२४-२५ ची टीम बघताना वारंवार वाटायचं की हे पास पास खेळतायत ते ठीक, पण शॉट कोण मारणार? बकिंगहॅमच्या २०२२-२३ च्या टीमने २० मॅचमध्ये ५४ गोल मारले होते आणि ४६ पॉइंट, लीगचा तेव्हाचा रेकॉर्ड, सलग १८ मॅच हरले नाहीत. ते बघितलेल्या डोळ्यांना नऊ ड्रॉ पचत नाहीत. त्याला हाकला असं म्हणणारे मित्र आहेत माझे, मी त्यातला नाही. दहा महिने स्पर्धाच धड नसताना टीम एकत्र ठेवणं हेसुद्धा कोचिंगच आहे.

टीममध्ये मराठी पोरं का नाहीत?

राहुल भेके विसरलात? मुंबईचा पोरगा. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला आपण २-१ हरवलं, त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेली पहिली मॅच, आणि विजयी हेडर भेकेचा. २०२४ चा कप उचलला तोही कॅप्टन म्हणून त्यानेच. मग बेंगळुरूला गेला. अजून एक गंमत, २०१९ ची आयएसएल फायनल आपल्या अंधेरीच्या ग्राउंडवर होती, तेव्हा तो बेंगळुरूकडूनच खेळत होता आणि एक्स्ट्रा टाइममध्ये गोव्याविरुद्ध एकमेव गोल त्याचाच. म्हणजे घरच्या ग्राउंडवर फायनल जिंकला पण दुसऱ्याच्या जर्सीत.

पण प्रश्न खरा आहे आणि दुखरा आहे. कोल्हापूरला जाऊन बघा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की पेठच्या पेठ रिकामी होते, लोक भिंतीवर चढून बसतात, निकालावरून आठवडाभर वाद. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. एवढं वेड चारशे किलोमीटरवर आहे आणि आपल्या टीमशीटवर कोल्हापूरचं एक नाव शोधावं लागतं. इथे बांद्रा, कुलाबा, नवी मुंबई सगळीकडे टर्फवर रात्री बारापर्यंत पोरं खेळतात, तासाचे पैसे भरून. त्यातल्या किती जणांना मुंबई सिटीच्या स्काउटने बघितलंय? नव्या-जुन्या मालकांनी मला विचारलं, ते विचारणार नाहीत पण समजा विचारलं, तर मी सांगेन की एक परदेशी स्ट्रायकर कमी आणा आणि त्या पैशात दोन माणसं वर्षभर कोल्हापूर, नागपूर, अंबरनाथ फिरवा.

ट्रॉफ्या किती आहेत?

दोन लीग शील्ड, दोन आयएसएल कप. २०२०-२१ ला दोन्ही एकदम, कोच लोबेराच्या काळात. कोणी "अरे पण मोहन बागानकडे..." असं सुरू केलं तर विषय क्रिकेटवर न्यायचा.

सौदीच्या अल हिलालची मॅच बघितली होतीस का? नेमार दिसला?

बघितली, एशियन चॅम्पियन्स लीगची, नोव्हेंबर २०२३, डी वाय पाटील. नेमार दिसला नाही, तीन आठवडे आधीच त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली होती. तिकिटं घेतलेले अर्धे लोक त्याच्यासाठीच आलेले, ते हिरमुसले. ०-२ हरलो. पण रियाधला ०-६ खाऊन आल्यावर मित्रोविच, कुलिबाली, नेव्हेस असल्या लोकांसमोर आपल्या पोरांनी घरी जी झुंज दिली ती बघण्यासारखी होती. ग्रुपमध्ये सहाच्या सहा मॅच हरलो हे मात्र खरं, त्यावर पांघरूण घालत नाही.

या सीझनकडून अपेक्षा काय?

१४ टीम, ९१ मॅचेस, म्हणजे प्रत्येकाशी एकदाच गाठ आणि प्रत्येक टीमला १३ मॅचेस. मागच्या वेळी २४ होत्या. अशा छोट्या लीगमध्ये दोन मॅच लागोपाठ हरलात तर तुमचा सीझन संपला, सावरायला वेळच नाही. त्यात बऱ्याच टीम्सचा सराव कच्चा. माझा अंदाज, ज्यांनी भारतीय खेळाडूंचा गाभा टिकवला ते वर जातील. त्या हिशोबाने आपण पहिल्या चारात यायला हवं. शील्डचं बोलत नाही, नजर लागते.

आणि खरं सांगू का, यावेळी मला नंबरापेक्षा वर्षअखेरचा हिशोब जास्त महत्त्वाचा वाटतो. हा सीझन कसाबसा उरकला आणि पुढच्या जुलैमध्ये परत तेच पत्र आलं तर? पुढच्या दहा वर्षांसाठी लीग कोण चालवणार आणि पैसा कुठून येणार, हे या तीन-चार महिन्यांत ठरायला पाहिजे.

मला पहिल्यांदा मॅचला यायचंय, काय करू?

शाब्बास. अंधेरी वेस्ट, मुंबई फुटबॉल अरेना, म्हणजे आपलं शहाजीराजे क्रीडा संकुल, रिक्षावाल्याला अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स सांगायचं. मेट्रोने आलात तर आझाद नगरला उतरा, तिथून चालत. गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यात पहिला गोल जाईल. स्टेडियम लहान आहे, सात-आठ हजारांचं, आणि तीच त्याची मजा, पुढच्या रांगेत बसलात तर डिफेंडर एकमेकांना काय ओरडतात तेही ऐकू येतं, टॅकलचा आवाज येतो, कधी कधी घामही दिसतो. ढोल आणि गाणी पाहिजे असतील तर वेस्ट ब्लॉक ब्लूज या फॅन ग्रुपवाल्यांच्या जवळचं तिकीट काढा, शांतपणे खेळ बघायचा असेल तर त्यांच्या समोरचं. गाणी येत नसली तरी चालतं, तिसऱ्या वेळी तोंडात बसतात. लहान पोरांना नक्की आणा, फक्त पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात हे त्यांना आधी सांगा. आणि तिकीट कुठे कधी मिळणार हे मला विचारू नका, फिक्स्चर पूर्ण लागलं की कळेल, मी पण त्याचीच वाट बघतोय.